कारणाचा रकाना

भास्कर रोकडे यांनी बनवलेलं कॉइल गुंडाळायचं यंत्र त्यांच्या चुकीमुळे बंद पडलं नव्हतं. ते मी बंद पाडलं होतं. ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही, भावाला नाही, आणि ज्यांना सांगायला हवी होती त्या रोकडेदादांना तर नाहीच. त्यांना सांगायला मला सात-आठ वर्षं मिळाली होती. गाव एक, रस्ता एक, सुरुवातीला तर आठवड्यातून दोन-तीनदा गाठ पडायची. वेळ मिळाला नाही असं म्हणायची सोय नाही.

पण नुसतं काय केलं ते लिहून भागणार नाही. ज्याच्या बाबतीत केलं तो माणूस कसा होता हे कळल्याशिवाय किती केलं हे कळत नाही.

दादा किन्हवलीच्या टेलिफोन एक्स्चेंजला होते. शिक्षण आठवी. खात्यात आधी रोजंदारीवर खड्डे खणायला लागले, मग खांबावर चढायला, आणि मग कुणीतरी त्यांना आत बसवलं. नव्वदच्या अलीकडे-पलीकडे आमच्याकडे जुन्या धर्तीचं एक्स्चेंज होतं. लोखंडी कपाटात ओळीने बसवलेले खटके. गावात कुणी डायल फिरवली की आतला खटका तेवढी पावलं चढायचा, खट खट खट. दादा कपाटाकडे पाठ करून खिडकीत बसलेले असले तरी नुसत्या आवाजावरून सांगायचे, "पोलिस पाटलानं डॉक्टरला लावला." एकदा तर म्हणाले, "चुकीचा लागणार. शेवटचं पाऊल अर्धंच पडलं." आणि लागलाही चुकीचा.

अंगाने किरकोळ, कानामागे पेन्सिल, मान कायम डावीकडे कललेली. लोकांना वाटे मानेत काही दोष आहे. दोष नव्हता, ते ऐकत असत. कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी बोटाच्या पेराने वाजवून बघायचे. माठ, दार, सायकलची फ्रेम, एकदा एका नव्या सरपंचाची ब्रीफकेस.

गावात त्यांना पाठीमागे 'कशावरून' म्हणत, कारण त्यांचा पहिला प्रश्न तोच असे. धसईच्या बाजारात तांदूळवाला म्हणाला, "जुना हाय, दोन वरसांचा." की दादा शांतपणे, "कशावरून?" तो बिचारा शपथेवर यायचा. मग दादा चार दाणे दाताखाली फोडून म्हणायचे, "बरोबर हाय तुझं. पण तुला ठाऊक नव्हतं."

या सवयीचं मूळ एकदा त्यांनीच सांगितलं. त्यांच्या आज्याने छप्पन्न सालानंतर सबंध वाडीबरोबर धर्म बदलला होता. दादा म्हणाले, "आज्यानं घरातले देव उचलले आन् नदीत सोडले. लोक बोलले, एवढे पिढीजात देव, सोडवले कसे तुला? आज्या बोलला, मी त्यांना कारण विचारत होतो, आमी असं का म्हणून. चाळीस वरसं विचारलं. नाय दिलं." मग म्हणाले, "आज्यानं कारणापायी देव सोडले, आन् मी काय कारण न बघता फॉल्ट सोडू?"

फॉल्ट, म्हणजे टेलिफोनचा बिघाड, नोंदवायची त्यांच्याकडे वही असे. तारीख, नंबर, बिघाड, आणि शेवटचा रकाना, कारण. बाकीच्या एक्स्चेंजना हा रकाना बहुतेक मोकळा किंवा 'आपोआप ठीक' असा भरलेला असायचा. दादांना 'आपोआप' हा शब्द शिवीसारखा वाटे. ते म्हणत, "कारण सापडलं नाय तर फॉल्ट गेला नाय. लपलाय."

एका मास्तरांचा फोन रोज दुपारी बंद पडायचा आणि तासाभराने चालू व्हायचा. साहेबांनी शहापूरहून कळवलं, चालू होतो ना, मग सोडा. दादा तीन दुपारी डबा घेऊन त्या खांबासमोर शेताच्या बांधावर बसले. तिसऱ्या दुपारी दिसलं. शेजारचा शेतकरी जेवायला जाताना बैल खांबाच्या सावलीत बांधायचा. बैल खांबाला अंग घासायचा. खांब हलला की वरचा सैल जोड सुटायचा. दादांनी जोड पक्का केला आणि वहीत लिहिलं, 'कारण: बैलाची खाज.' शहापूरच्या साहेबांनी त्यावर लाल शाईने प्रश्नचिन्ह काढलं. त्याखाली दादांनी लिहिलं, 'समक्ष पाहिली.'

मी त्यांच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मुरबाडच्या एमआयडीसीत एका कंपनीत मेंटेनन्सला लागलो होतो. सरळगाववरून एसटीने जायचं-यायचं. संध्याकाळी दादांच्या ओटीवर जायची सवय लागली ती सोल्डरच्या वासाने. रेडिओ, बॅटरीचा चार्जर, विहाराचा लाउडस्पीकर, काहीतरी उघडून ठेवलेलं असायचंच.

त्या घरात शिरायची एक पद्धत होती. चपला हातात घ्यायच्या आणि आतून काय ऐकू येतंय ते आधी ऐकायचं. वत्सलावहिनी आतल्या खोलीत कॉइल गुंडाळत असत. मुरबाडचा एक कंत्राटदार, ज्याला सगळ्या बाया 'शेठ' म्हणत, दर शुक्रवारी स्कूटरवरून तांब्याच्या तारेची रिळं टाकून जाई आणि तयार कॉइल घेऊन जाई. केसाएवढी बारीक तार. प्लॅस्टिकच्या छोट्या फिरकीवर तिचे बत्तीसशे वेढे द्यायचे, एका हाताने दांडा फिरवायचा, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून तार सोडायची. पंचवीस वेढे कमी-जास्त झाले तर कॉइल बाद. वेढे मोजायचा काटा पहिल्याच वर्षी मोडला. तेव्हापासून वाडीतल्या दहा बाया तोंडाने मोजत. एक ते शंभर मोजायचं, शंभर झाले की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. बत्तीस चिंचोके झाले की कॉइल झाली.

मोजणी चालू असताना वहिनींशी बोलायचं नाही. कोणी बोललंच तर त्या उत्तर देत नसत, फक्त मोजणीचा आवाज चढवत. आवाज किती चढला त्यावरून राग किती आला ते कळे. दादा खात्यात कायम झाले त्या दिवशी पेढे घेऊन आले आणि दारात उभे राहिले. आतून "एकोणचाळीस, चाळीस" चाललेलं. नऊ चिंचोके बाकी होते. दादा पेढ्याचा पुडा धरून ओटीवर बसून राहिले. मी शेजारी. नऊ चिंचोके झाले, वहिनी बाहेर आल्या. दादा म्हणाले, "कायम झालो."

"मला सातव्यालाच कळलं," वहिनी म्हणाल्या. "तुमी एवढा वेळ खोकल्याशिवाय कधी बसता?"

दादांच्या पगारावर दोन भावांचीही घरं होती, त्यामुळे कॉइल सोडवत नव्हती. पण दोन हजार सालाच्या सुमाराला वहिनींच्या उजव्या हाताची बोटं झोपेत बधिर व्हायला लागली. मग दिवसाही. शहापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे काम थांबवा, नाहीतर मूठ मिटायची बंद होईल. वहिनींनी चिमटीचा हात बदलला आणि काम चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी दादा मला म्हणाले, "विलास, मोजून फिरंल आन् मोजून थांबंल अशी मोटर कंची?"

साध्या मोटरला वीज दिली की ती सुटते, आणि वीज तोडली तरी दोन-चार गिरक्या जास्त मारते. कॉइलला ते चालत नाही. स्टेपर मोटरचं वेगळं. ती पावलापावलाने फिरते, एका फेरीत दोनशे पावलं, आणि जितकी पावलं सांगाल तितकीच टाकते. तिला पाऊल टाकायला सांगणारं सर्किट असतं त्याला ड्रायव्हर म्हणतात. मी हे सांगितलं तेव्हा दादांचा चेहरा उजळला. जुनं एक्स्चेंज तोवर भंगारात गेलं होतं, त्या जागी नवं, न वाजणारं आलं होतं. दादा म्हणाले, "म्हणजे आपल्या खटक्यांची बहीण."

मी कंपनीतून कॅटलॉग आणला. सगळ्यात ताकदवान मोटर दाखवली. म्हटलं, ही घ्या आणि तयार ड्रायव्हर घ्या, प्रश्नच नाही. दादांनी कॅटलॉग उलटसुलट बघितला. "हा ताकदीचा आकडा कशावरून?"

रजा काढून आम्ही दोघं मुंबईला लॅमिंग्टन रोडला गेलो आणि जुन्या सामानातून तीन मोटरी आणल्या. एक छोटी, प्रिंटरमधली. एक मधली, कुठल्याशा ऑफिसच्या यंत्रातून काढलेली, सहा वायरींची. आणि एक माझ्या पसंतीची, मोठी, दगडासारखी जड. ड्रायव्हर मात्र दादांनी स्वतः बांधला, चार ट्रान्झिस्टरचा, मोटरच्या चार गुंडाळ्यांना एकेक. पत्र्याच्या डब्यात बसवून वर लाल ऑइलपेंटने लिहिलं, 'आधी बंद, मग वायर.' चालू ड्रायव्हरवरून मोटरची वायर उपटली तर उलट झटक्याने ट्रान्झिस्टर जळतो. हे मीच त्यांना सांगितलं होतं.

निवड त्यांनी तांदळाने केली. ओटीच्या आढ्याला मोटर बांधली, तिच्या दांड्यावर लाकडी चकती, चकतीवरून दोरी, दोरीला प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत एक मूठ तांदूळ. मोटर चालू करायची, पिशवी वर चढली की खाली आणून आणखी एक मूठ. जिथे मोटर ठेचाळली, पाऊल चुकली, तिथे थांबून मुठी लिहायच्या. आधी सावकाश, मग कॉइलच्या वेगाने.

वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "हिला जेवाय घालताय का काय? घरात माणसं हायेत."

छोटी मोटर दुसऱ्या मुठीला बसली. मोठीने सावकाश असताना पिशवी काठोकाठ उचलली आणि मी दादांकडे बघितलं. पण वेग वाढवला तशी ती धापा टाकायला लागली आणि चौथ्या मुठीला घुर्र करून थांबली. मधलीने त्याच वेगाने नऊ मुठी नेल्या. दादा म्हणाले, "तुझ्या कॅटलॉगात उभी असतानाची ताकद लिवलीय. आपली काय उभी ऱ्हाणार नाय, पळणार हाय. मोठीला पळवायला जेवढी वीज लागंल तेवढी आपल्या ड्रायव्हरकडं नाय. ही मधली."

बघायला आलेल्या बायांपैकी एक म्हणाली, "डिप्लोमा चार मुठी, रोकडेभावजी नऊ." सगळ्या हसल्या. मीही हसलो.

आता जे लिहितो ते टाळायचा विचार होता. मला ते लागलं. दादा बरोबर निघाले याचं लागलंच, पण त्यात आणखी काही होतं. आठवी शिकलेला माणूस, वाडीतला, आणि वाडीतल्या बाया मला हसल्या. मी त्या घरात पाणी प्यायचो, जेवायचो, आणि मला वाटायचं माझ्यात ते काही उरलेलं नाही. उरलेलं होतं. तळाशी होतं.

दादा म्हणाले, "मोठी तुला आवडलीय ना, तू ने." मी नेली.

यंत्र दोन महिन्यांत उभं राहिलं. आकडा लावायचा, बटण दाबायचं, बत्तीसशे वेढे झाले की बंद. शेठनी सांगितलं, शुक्रवारी येऊन बघतो, पसंत पडलं तर पाच यंत्रांना पैसे मी घालतो, वाडीतल्या सगळ्या बाया त्यावर काम करतील. आदल्या दिवशी, गुरुवारी, मी पहिली पाळी संपवून परस्पर दादांच्या घरी गेलो. पिशवीत मोठी मोटर होती. डोक्यात एकच होतं, ड्रायव्हरला थोडी जास्त वीज दिली तर मोठी पळते हे बघायचं. दादा घरी नव्हते, कुठेशी केबल तुटली होती. आतून मोजणी ऐकू येत होती. चपला हातात घेऊन मी ओटीवर गेलो.

आत चिंचोका वाटीत पडल्याचा आवाज आला. किती बाकी आहेत ठाऊक नव्हतं. वहिनी बाहेर यायच्या आत उरकायचं होतं. मी यंत्र चालू केलं, मधली मोटर नीट फिरत होती. मग तिचा जोड उपटला, मोठीचा लावण्यासाठी. डबा बंद न करता. बारीक ठिणगी दिसली. मोठी लावली, ती नुसती थरथरली. ती काढून मधली परत लावली. तीही थरथरली. चारांतला एक ट्रान्झिस्टर गेला होता. आवाज आख्ख्या घराला ऐकू जावा इतका बदलला होता. आतली मोजणी एकदम चढली, "त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट." मी बटण बंद केलं. यंत्रावर जसं फडकं होतं तसं घातलं. निघणार तेवढ्यात कॉइल पुरी करून वहिनी आल्या, उजवा हात डाव्या हाताने चोळत.

"काय रे विलास, आवाज कसला आला?"

"काही नाही वहिनी. बघत होतो."

"मोटर बरी हाय ना?"

"हो."

केबलचं काम रात्रभर चाललं. दादा शुक्रवारी सकाळी थेट तिकडून सायकलवर आले, चिखलाने भरलेले. शेठ आधीच येऊन खुर्चीत बसले होते. माझ्या कंपनीला शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे मीही होतो. न जाण्याचा विचार केला होता, पण गेलो नाही तर ते दिसून येईल असं वाटलं. दादांनी हात धुतले, फिरकी बसवली, तार लावली, आकडा लावला. बटण दाबलं. मोटर जागच्या जागी थरथरत राहिली. तार तुटली.

दादांनी मान डावीकडे कलती केली आणि ऐकलं. मग म्हणाले, "पाऊल पडत नाय."

शेठ म्हणाले, "रोकडे, मला टाइम नाही हो."

आणि तेव्हा मी बोललो. कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "मी म्हटलं होतं दादा, मोठी घ्या."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. "हां," म्हणाले. "तू बोलला होतास."

शेठ गेल्यावर त्यांनी ड्रायव्हरचा डबा सोडवून माझ्या हातात दिला. "तुमच्या कंपनीत चांगली मीटरं हायेत. नीट तपासून सांग. मला माझ्या मीटरचा भरवसा नाय वाटत आज." मी डबा नेला. कंपनीत जळलेला ट्रान्झिस्टर काढला, तसाच नवा बसवला, सोल्डरवर थोडी धूळ चोळून ते जुनाट दिसेल असं केलं. दहा मिनिटांचं काम. मला वाटलं, हे झालं की सगळं मिटलं. यंत्र चालेल, शेठ परत येतील, वहिनींचा हात थांबेल, आणि माझं नावही निघणार नाही. सोमवारी डबा परत दिला.

"ड्रायव्हर ठीक आहे दादा," मी म्हणालो.

यंत्र चाललं. पहिल्याच दिवशी चाललं, आणि नंतर दोन आठवडे एकदाही ठेचाळलं नाही. शंभराच्या वर कॉइल झाल्या. मी दादांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तो दिवसेंदिवस उतरत होता. रोज संध्याकाळी ते यंत्र उघडून बसलेले दिसायचे. मोटर तापवून बघितली. ओल्या फडक्यात गुंडाळून बघितली. वीज कमी करून, जास्त करून, तार ओढून. यंत्र चालतच राहिलं. मला म्हणाले, "त्या दिवशी का थांबली, सांग ना. ड्रायव्हर ठीक, मोटर ठीक, मंग थांबली कशी?"

मी म्हणालो, "होतं कधी कधी दादा. चालतेय ना आता."

"आपोआप?" ते म्हणाले.

मला तेव्हा उमगलं मी काय केलं ते. मी बिघाड काढून टाकला होता आणि कारण घेऊन गेलो होतो. दुसऱ्या कुणाला ते चाललं असतं. आपल्याकडे सगळं असंच चालतं, झापड मारली की टीव्ही लागतो, लोक पुढे जातात. या एका माणसाला ते जमणार नव्हतं, आणि हे मला ठाऊक असायला हवं होतं.

शेठ परत आले. बाहेर कुठे यंत्र मिळालं नसावं, किंवा महाग पडत असावं. पाच कॉइल उचलल्या, मुरबाडला तपासून आणल्या, पुढच्या शुक्रवारी म्हणाले, "पाचही बरोबर. बोला रोकडे, कधी चालू करू?"

दादा म्हणाले, "नाय."

"नाय म्हणजे?"

"का थांबली होती ते कळलं नाय, शेठ."

"अहो, पण आता चालते."

"आता चालते. दहा बाया हाताचं काम सोडून हिच्या जिवावर बसणार. भर ऑर्डरीत थांबली तर तुमी काम दुसरीकडं न्याल. बायांनी काय करायचं? कारण ठाऊक असतं तर मी लिहून दिलं असतं."

आत मोजणी चालू होती. ती थांबली. मी त्या घरात बारा वर्षं जात होतो, कॉइल अर्धवट टाकून वहिनी उठलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. त्या दारात आल्या. "अहो, हो बोला ना. चालते ती. मी रोज बघते."

"वत्सला, तू नको बोलू यात."

"मी नाय तर कोन बोलंल? हात माझा हाय."

दादा माझ्याकडे वळले. "विलास, तू शिकलेला. एकदाच विचारतो. डबा खरंच ठीक होता?"

ओटीवर शेठ होते, वहिनी होत्या, दादा होते. एक शब्द होता. तो बोललो असतो तर दादांनी पाचही यंत्रांची हमी लिहून दिली असती, आणि मला बहुधा शिवीसुद्धा दिली नसती. मोटर त्यांनी बरोबर निवडली होती, ड्रायव्हर बरोबर बांधला होता, हे त्यांना कळलं असतं.

"हो दादा," मी म्हणालो. "ठीक होता."

दादांनी मान हलवली. शेठनी स्कूटर चालू केली. पुढे दोन महिन्यांत त्यांनी काम वांगणीकडे कुणाला तरी दिलं आणि मग किन्हवलीला थोडंच, उरलंसुरलं येऊ लागलं. वहिनी त्या दिवशी आत गेल्या. मोजणी कुठे थांबली होती ते त्यांना आता आठवत नव्हतं. वाटीतले चिंचोके ओतून त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

यंत्र दादांनी वहिनींनाही वापरू दिलं नाही. त्या म्हणत, माझ्यापुरतं तरी. ते म्हणत, कळू दे. हा हट्ट होता, मान्य आहे. त्यांचाही दोष होता असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. पण तो दोष त्यांच्यात आधीपासून होता आणि मला ठाऊक होता.

नंतर मी जाणं कमी केलं. लग्न झालं, मुरबाडला खोली घेतली. वहिनींच्या उजव्या हाताची मूठ दोन-तीन वर्षांत मिटायची बंद झाली, मग डावा हात सुरू झाला. उरलेलं कामही गेलं. मोबाइल आले, लोक टेलिफोन परत करायला लागले. एक्स्चेंजमध्ये दादा एकटे बसलेले दिसत. एकदा एसटीतून दिसले, खांबावर होते, तार जोडत नव्हते, उतरवत होते.

शेवटचे भेटले ते मुरबाडच्या स्टँडवर. दोघंही होते, दवाखान्यातून आलेले. बाकावर वहिनी बसल्या होत्या आणि दादा त्यांच्या तोंडाला चहाचा ग्लास लावत होते. एक घोट झाला की ग्लास मागे घ्यायचा, वहिनींनी मान हलवली की पुन्हा पुढे. वहिनींचे दोन्ही हात मांडीवर उलटे पडलेले होते. त्यांना दोन-तीनशे घोट असे पाजले असतील, इतका सराव दिसत होता.

दादांनी मला पाहिलं. "बरा भेटलास. एक आलंय डोक्यात. त्या दिवशी केबल तुटली होती, आठवतं? लाइनवर कुठं जोराचा झटका आला असंल, तो घरच्या विजेत शिरला असंल. काय वाटतं?"

"असू शकतं," मी म्हणालो.

"कशावरून?" दादा म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. मग स्वतःच म्हणाले, "नाय. टेलिफोनची तार वेगळी, विजेची वेगळी. नाय जमत."

"आवो, त्याची गाडी लागलीय," वहिनी म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं ते मला सांगता येणार नाही. वैशाखऱ्याची गाडी लागली होती, मला एका कामासाठी सरळगावला उतरायचं होतं. मी चढलो. खिडकीतून पाहिलं तेव्हा दादा उरलेला चहा स्वतः पीत होते.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. कावीळ झाली होती. मी बाराव्या दिवशी नाही, पंधरा दिवसांनी गेलो, पाच मिनिटं बसलो, यंत्र कुठे आहे ते विचारलं नाही.

वहिनी आहेत. किन्हवलीलाच, पुतण्याकडे. मोटर बरोबर होती, ड्रायव्हर बरोबर होता, तुमच्या नवऱ्याचं काही चुकलं नव्हतं, आणि ज्या दुपारी तुम्ही आवाज कसला आला म्हणून विचारलंत त्या दुपारी मी खोटं बोललो, एवढं मला त्यांना सांगायचं आहे. त्यांना वाचता येत नाही, त्यामुळे हे लिहिल्याने त्यातलं काही फिटत नाही. जाऊन तोंडाने सांगावं लागेल. अजून सांगितलेलं नाही.